आधी आवाज, मग हात

सोमवार, ४

जिनसांच्या वहीची मागची एकवीस पानं कोरी उरली आहेत. कोरा कागद रद्दीत द्यायचा म्हणजे माझ्या जिवावर येतं. म्हणून आजपासून मनातलं इथे लिहायचं. खाली घरातल्या जिनसांची नोंदही करीन, म्हणजे दोन वह्या लागणार नाहीत.

आज नोकरीचा पहिला दिवस. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी! मॅट्रिक झाल्यावर नोकरी करीन म्हणाले होते, तेव्हा घरच्यांनी लग्न लावून दिलं. डोळ्यांच्या दवाखान्यात बारा खाटांचा वॉर्ड आहे, तिथे मावशी म्हणून लागले. आधीच्या मावशींचे गुडघे गेले. सूनबाई तिथे सिस्टर आहे, तिनेच माझं नाव सुचवलं. म्हणाली, "आई, दिवसभर घरात एकट्या डबे पुसत बसता, त्यापेक्षा तिथे चला." डबे पुसणं काही वाईट काम नव्हे, पण गेले.

घरी मी सासू, तिथे ती माझ्या वर. घरी मला आई म्हणते, वॉर्डात मावशी. मीही तिला "सिस्टर" अशी हाक मारली. दोघींना हसू फुटलं. तिच्या तोंडावर मास्क होता म्हणून तिचं निभावलं, माझे दात सगळ्या वॉर्डाला दिसले. म्हणजे ज्यांच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती त्यांना.

डॉक्टरीणबाईंनी एकच नियम सांगितला. "आधी आवाज, मग हात. पट्टी बांधलेल्या माणसाला न बोलता हात लावायचा नाही. तो दचकतो, मान झटकतो, आणि माझं काम वाया जातं."

नोंद: अंगाचा साबण नवा काढला. जुन्याची चिपटी त्यालाच चिकटवली.

बुधवार, ६

आज शस्त्रक्रियांचा दिवस होता. दर बुधवारी असतो. म्हणजे गुरुवारी वॉर्डात सगळ्यात जास्त पट्ट्या. हे मला आज कळलं. आधी कळलं असतं तर हो म्हटलं नसतं.

गुरुवारचं माझं मौन असतं. उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत. एकोणीस वर्षं झाली, एकही चुकला नाही. आमचा मुलगा सात वर्षांचा असताना तापात पडला. ताप उतरला, पण वाचा गेली. अकरा दिवस नुसता बघायचा. तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून मी देवाला म्हटलं, त्याचा आवाज परत दे, माझा घे. बाराव्या दिवशी त्याने पाणी मागितलं. आता तर घाऊक बाजारात भाजीचे लिलाव पुकारतो. सहा दिवस तिकडे, रविवारी घरी. रोज संध्याकाळी फोन. आम्ही त्याला पोपटच म्हणतो. सूनबाई म्हणते, "तुमचा पोपट एक दिवस गप्प बसला तर बाजार भरायचा नाही."

त्याचा आवाज म्हणजे त्याची भाकरी. आणि माझं मौन म्हणजे त्याचा आवाज. हे मी कुणाला समजावून सांगत बसत नाही.

डॉक्टरीणबाईंकडे गुरुवारची सुट्टी मागितली. "गुरुवारीच तर मला माणूस लागतं," म्हणाल्या. मौनाचं मी सांगितलंच नाही. सूनबाईने घरी आल्यावर डोक्याला हात लावला. शेवटी म्हणाली, "नियम आवाजाचा आहे ना? मग घंटा न्या. तोंड उघडायला नको. मी सांभाळून घेईन, पण बाईंना कळू देऊ नका."

डोकं आहे पोरीला. देवापुढची छोटी घंटा घासून पिशवीत ठेवली.

गुरुवार, ७

दिवे लागले, मौन सुटलं, मग लिहायला बसले.

घंटा छान चालली. सूनबाईने सगळ्यांना समजावलं होतं. एकदा वाजली, मावशी जवळ येतायत, पडून राहा. दोनदा वाजली, उठा आणि घंटेच्या रोखाने सावकाश या. मोरीपर्यंत मी पुढे पुढे वाजवत जायची, माणूस मागून. पाचव्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, "गाय होते की काय मी!" पण आल्या.

गुरुवारी यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद असतं. एरवी यांच्या तोंडून शब्द काढायचा तर किल्ली द्यावी लागते, पण गुरुवारी का कोण जाणे, माझ्यासमोर खुर्ची ओढून दिवसभर बोलत असतात. एकोणीस वर्षांची सवय. मध्ये बोलायची मला सोय नाही, म्हणून ऐकते. आज मी पोचले तेव्हा मौन सुटलेलं. मीच वॉर्डाचं सगळं सांगितलं, जेवण होईपर्यंत. हे फक्त "हं" म्हणाले. खुर्ची भिंतीलाच होती.

नोंद: तेल बेताचं आहे. घंटेला चिंच लागली, बोटभर.

गुरुवार, १४

दुसरा गुरुवारही निभावला. दुसऱ्या खाटेवर पुढच्या आठवड्यात एक शिंपीकाका येणार आहेत. त्यांचा एक डोळा लहानपणीच गेला, उरलेल्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्या बुधवारी. जिभेला त्यांच्या कात्रीसारखी धार. आज तपासणीला आले आणि मला म्हणाले, "मावशी, आज बोलत नाही म्हणजे आमच्यावर राग की दातदुखी?" मी हात जोडून वर दाखवलं. "म्हणजे वरच्यावर राग!" सगळे हसले. मीही हसले असते, पण मौनात हसताना आवाज निघू नये म्हणून सांभाळावं लागतं.

पाचव्या खाटेवरच्या आजी दुसऱ्या डोळ्यासाठी परत आल्या होत्या, उद्या घरी जायच्या. सूनबाई त्यांना विचारत होती, मावशींनी नीट केलं ना सगळं? आजी म्हणाल्या, "बाई गुणाची आहे. बुधवारी मला भीती वाटत होती तर तासभर बोलत बसली. पण गुरुवारी कुठे जाते ती? गुरुवारी खोली रिकामी असते."

मी चार हातांवर उभी होते. दिवसभर त्यांचं मीच तर केलं होतं. वाईट वाटलं. म्हातारं माणूस, विसरल्या असतील.

हे दोन घास कमीच जेवले. विचारलं तर म्हणे काही नाही.

रविवार, १७

पोपट आला होता. आल्यापासून जाईपर्यंत तोंड मिटलं नाही. बाजारात आवक वाढली आहे, पहाटेपासून पुकारावं लागतं, म्हणे. मी म्हटलं, "घशाला जप." तर म्हणतो, "तू गप्प बसतेस ना गुरुवारी, मग मला काय होतंय!" चेष्टेत म्हणाला. मला बरं वाटलं.

नोंद: साखर एक वाटी जादा.

मंगळवार, १९

संध्याकाळी पोपटाचा फोन सूनबाईच्या मोबाइलवर आला. ती आत जाऊन बोलली. तिचंच बोलणं तेवढं ऐकू येत होतं. नवराबायकोमध्ये आपण कान देऊ नये, म्हणून मी नळ सोडला. मग लक्षात आलं की पाणी वाया जातंय, बंद केला. मला दे म्हणेपर्यंत तिने ठेवलाही. "घाईत होते, आई."

नंतर यांच्याशी काहीतरी कुजबुजत होती. मी गेले तर दोघं घड्याळ बघायला लागले. सासऱ्यांकडून घड्याळ शिकतेय वाटतं.

नोंद: ज्येष्ठमधाची एक कांडी सूनबाईने नेली. वॉर्डात कुणाला खोकला आहे म्हणाली. लिंबं दोन.

गुरुवार, २१

अक्षर वाकडं येतंय.

मी बोलले. मौनात बोलले. ओरडले.

दुपारी तीन वाजले होते. काल शिंपीकाकांची शस्त्रक्रिया झाली, त्यांच्या एकुलत्या डोळ्यावर पट्टी. जेवून झोपले होते. सूनबाई औषधं आणायला खाली गेलेली. मी फरशी पुसत होते. बादली खाटांच्या मधल्या वाटेवर ठेवून फडकं पिळायला दाराशी गेले. वळून बघते तर काका उठून उभे! झोपेतून उठले, मोरीला जायचं असेल. दोन पावलं चाललेही. पुढे ओली फरशी आणि बादली.

घंटा कमरेला होती. मी जिवाच्या आकांताने वाजवली. आणि काका भरभर चालायला लागले. माझ्याकडे! घंटा वाजली की घंटेकडे यायचं, हे आम्हीच तर शिकवलं होतं. जवळ येतेय याची घंटा होती, या म्हणायची घंटा होती. थांबा म्हणायची घंटा आम्ही ठरवलीच नव्हती. मी जितकी जोरात वाजवावी तितके ते लगबगीने येत होते.

"थांबा! शिंपीकाका, थांबा! पाय टेकवू नका पुढे!"

एक पाय उचललेला, तसेच थांबले. बगळ्यासारखे. बादली वीतभर अंतरावर. मी बोलत बोलत गेले, आलेच काका, मी मावशी, आता हात धरते हं, डावा हात, आणि मग धरला. त्यांचा हात गार पडला होता. खाटेवर बसवल्यावर म्हणाले, "अहो, तुम्ही होता होय इथे? मला वाटलं, घंटा कुणीतरी दाराला बांधून ठेवलीय."

तेवढ्यात दारात डॉक्टरीणबाई. माझी हाक जिन्यापर्यंत गेली होती. त्यांनी आधी काकांची पट्टी सोडून डोळा तपासला. सगळं ठीक होतं. मग माझ्या हातातली घंटा बघितली. सूनबाई धावत आली आणि मी काही म्हणायच्या आत बोलली, "बाई, चूक माझी आहे. युक्ती माझी होती." मग माझ्या नवसाचं सगळं सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "मावशी, तुमच्या देवाशी माझं भांडण नाही. पण या माणसांना दोन दिवस काही दिसत नाही. तुमचा आवाज म्हणजे त्यांना धरून चालायला भिंत आहे. गुरुवारी मी ती पाडू देणार नाही. सोमवारपर्यंत विचार करा. गुरुवारी बोलणार असाल तर या. नाहीतर मी दुसरी मावशी बघते."

नोकरीचं राहू दे. पोपटाचं काय? एकोणीस वर्षं पाळलं आणि आज मोडलं. काल त्याचा फोन सूनबाईनेच घेऊन ठेवला, आज संध्याकाळी तर आलाच नाही.

शुक्रवार, २२

फोन नाही. मी लावला तर उचलला नाही. मग सूनबाईच्या मोबाइलवर निरोप आला, लिहिलेला: "आई, कामात आहे. ठीक आहे." लिहिलेला! ज्याने शाळेत निबंध लिहायचे टाळले आणि तोंडी सांगतो म्हणून गुरुजींच्या मागे लागायचा, तो लिहून कळवतोय.

सूनबाईला म्हटलं, मला त्याच्याशी बोलायचंय, आत्ता. ती म्हणाली, "आई, आवक फार आहे, त्यांना उसंत नाही." माझ्याकडे न बघता म्हणाली. सून खोटं बोलते तेव्हा कानामागे खाजवते, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून माहीत आहे.

मी देवापुढे बसले. माफ कर म्हणायला तोंड उघडलं, तर त्याच तोंडाची लाज वाटली.

शनिवार, २३

आज शिंपीकाका घरी गेले. पट्टी काढल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःची बोटं बघितली, एकेक. मग मला जवळ बोलावलं. माझ्या पदराचा काठ निरखून म्हणाले, "हा शिवलाय कुणी? टाके तिरके आहेत." मी म्हटलं, मीच. "तरीच. आणून द्या, नीट करून देतो. डोळा आहे आता."

मला रडू आलं. काठासाठी नव्हे.

घरी येताना वाटेत मनाशी विचारलं, उद्या परत तसंच झालं, तेच काका, तीच बादली, आणि तोच गुरुवार, तर काय करशील? खरं लिहायचं म्हणून ही वही. ओरडेन. पोपटाची भीती पोटात असताना ओरडेन. मग देव मला काय म्हणायचं ते म्हणो. ज्या देवाने माझ्या लेकराला बोलता केलं, त्याला दुसऱ्याचं लेकरू पडलेलं चालेल, असं मला कितीही ओढूनताणून मानता येत नाही. पण भीती जात नाही. दोन्ही एकत्रच आहेत, एका डब्यात.

रविवार, २४

सगळं क्रमाने लिहिते.

दहाला पोपट आला. गळ्याला मफलर. मी दारात उभी. त्याने तोंड उघडलं, आणि आवाज नाही! नुसती हवा, सुपातून भुसा उडवल्यासारखी. मी उंबऱ्यावरच बसले. म्हटलं, "मी केलं हे. गुरुवारी मी बोलले."

सूनबाई माझ्यासमोर खाली बसली. "आई, ऐका. गुरुवारचं नाहीये. मंगळवारपासूनच घसा बसलाय त्यांचा. बाजारातल्या डॉक्टरांनी आठ दिवस बोलू नका म्हणून सांगितलंय, बाकी काही नाही. तुम्ही घाबराल म्हणून लपवलं. बाबांनाही मीच गप्प बसायला सांगितलं."

यांना गप्प बसायला सांगावं लागतं हे नवीनच.

माझा विश्वास बसेना. म्हटलं, "माझी समजूत घालतेस. तू माझ्यासाठी डॉक्टरीणबाईंसमोर चूक अंगावर घेतलीस, तर हेही करशील." पोपट मान हलवत होता, बोटांनी काहीतरी दाखवत होता. तो तर आपल्या बायकोचीच री ओढणार. सूनबाई रडकुंडीला आली. "आता कशी पटवू? अहो, मंगळवारी मी तुमच्याच डब्यातून ज्येष्ठमध नेलं ना! ट्रकवाल्याबरोबर यांना धाडलं."

मी उठले. वही काढली. पानं उलटली. मंगळवार, १९. माझंच अक्षर. ज्येष्ठमधाची एक कांडी सूनबाईने नेली. लिंबं दोन. वॉर्डात कुणाला खोकला आहे म्हणाली.

वॉर्डात कुणाला खोकला! डोळ्याची शस्त्रक्रिया असलेल्या माणसाला साधी शिंक आली तरी बाई धावतात, खोकणाऱ्याला तर टेबलावरच घेत नाहीत. हे मला माहीत होतं. लिहिताना माझ्या लक्षात कसं आलं नाही?

मंगळवार. मी ओरडले त्याच्या दोन दिवस आधी. माणसं माझी समजूत घालतील, पण माझी नोंद माझी समजूत घालणार नाही. दोनदा वाचलं. मग इतकं हसू आलं की पदर तोंडात घातला. पोपटही हसायला गेला, तर त्याच्या घशातून चाक कुरकुरल्यासारखा आवाज आला. सूनबाई ओरडली, "हसू नका! आठ दिवस हसणंसुद्धा बंद!" घरातही सिस्टर झाली.

संध्याकाळी मी यांना म्हटलं, आज सुटले, पण नवसाचं काय करू? गुरुवार तर मोडला, आणि पुढचेही मोडणार. हे घड्याळाचं झाकण लावत होते. लावून झाल्यावर बोलले. "त्या बाकावर मी शेजारी होतो. तू म्हणालीस, आठवड्यातला एक दिवस माझा आवाज तुझा. वार नाही बोललीस. ते बोलणं झालं तो दिवस गुरुवार होता, म्हणून तू गुरुवार धरलास."

यांना एवढं आठवतं! मला बाक आठवतो, पंखा आठवतो, शब्द आठवत नव्हते. देवाने वार मागितला नव्हता. मीच दिला होता. मी त्याला माझा एक दिवस द्यायला निघाले आणि शिंपीकाकांचा डोळा देऊन बसणार होते.

नोंद: ज्येष्ठमध आणखी दोन कांड्या, पोपटाला. आता लपवून नव्हे.

सोमवार, २५

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. गुरुवारी येईन आणि बोलेन. रविवारी वॉर्डात माझी पाळी नसते, रविवारी गप्प बसेन. बाई म्हणाल्या, "आणि घंटा?" म्हटलं, "ती देवाची आहे. त्याला परत केली." बाई हसल्या. त्यांचे दात मी पहिल्यांदाच पाहिले.

गुरुवार, २८

एकोणीस वर्षांतला पहिला बोलका गुरुवार. सकाळी जीभ जड वाटली, परक्याची असल्यासारखी. पहिली हाक सातव्या खाटेवरच्या बाईंना मारली. "मी मावशी. उजवीकडून येतेय. आता खांद्याला हात लावते हं." त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बोलत राहा."

बोलत राहिले. काय बोलू सुचेना तेव्हा बादली कुठे आहे ते सांगितलं. सूनबाई म्हणते, "मावशी, आता जरा कमी." काही लोकांचं समाधानच होत नाही.

रविवार, ३१

आज मौन, म्हणून दिवसाच लिहितेय.

पोपटाचा आवाज सत्तर टक्के परत आला आहे. उद्यापासून पुकारायला परवानगी. तो आणि सूनबाई सकाळीच फिरायला गेले.

एक गोष्ट मला उलगडत नाही. रविवारी दुकानात सगळ्यात जास्त गिऱ्हाईक असतं. तरी यांनी काल दुकानाची पाटी उतरवली आणि "गुरुवारी बंद" होतं तिथे "रविवारी बंद" केलं. न विचारता! घरातलाच उरलेला रंग वापरला, म्हणून मी काही बोलले नाही. आज तर बोलता आलंच नसतं.

चहा झाल्यावर यांनी भिंतीची खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसले आणि सुरू झाले. चार आठवड्यांचं साठलं होतं म्हणे. कोण्या म्हाताऱ्याने बापाचं घड्याळ आणलं त्याचं, डावा गुडघा दुखतो त्याचं, मी गुरुवारी घरी नसते तेव्हा घर कसं वाजतं त्याचं. घर कसं वाजतं म्हणजे काय, कुणाला ठाऊक. मी लिहितेय तरी थांबलेले नाहीत. मध्ये उठतात, आत जाऊन काहीतरी खुडबुड करतात, परत येतात.

नोंद: चहा चार वेळा. त्यातला दोनदा यांनी केला.